लाल पाठ, निळी बैठक

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. वयाने पाहाल तर दोन-तीन वर्षांचीच, पण घराण्याने शंभरी ओलांडलेली. त्यामुळे मला जुनी म्हणा. नवी म्हटलेले मला आवडत नाही, नव्या खुर्च्यांना चाके असतात.

माझे घराणे हॉलंडचे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथल्या मूठभर चित्रकारांनी, वास्तुकारांनी आणि एका सुताराने ठरवले, की जगात पसारा फार झाला. नक्षी नको, वेलबुट्टी नको, वळणे नकोत. रेघ काढायची ती उभी, नाहीतर आडवी. रंग लावायचा तो लाल, निळा किंवा पिवळा, आणि जोडीला काळा, पांढरा, फार तर राखाडी. या पंथाचे नाव डी स्टाइल. त्यातल्या सुताराने लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना खेटून बसवल्या. पुढे त्या काळ्या झाल्या, त्यांची टोके पिवळी झाली, पाठीला लाल फळी आणि बुडाखाली निळी फळी आली. ती आमची मूळ आजी. तिच्यासारख्या आता संग्रहालयांत असतात. लोक तिकीट काढून त्यांना पाहायला जातात आणि त्यांच्यावर कोणालाही बसू देत नाहीत. हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला अभिमान वाटला होता. आता त्यांची कीव येते.

पुढे या मंडळींत तिरपी रेघ चालेल की नाही यावरून बिनसले आणि चांगले मित्र दुरावले, असे सांगतात. माझी पाठ तिरपी आहे. तेव्हा या विषयावर मी बोलत नाही.

माझा स्वतःचा जन्म मात्र सिंगापूरचा, तोआ पायोहमधला. मागच्या जन्मी मी पलंग होते. कोणा कुटुंबाने घर बदलताना मला ब्लॉकच्या, म्हणजे उंच इमारतीच्या, खाली लिफ्टजवळ टाकून दिले होते. तिथून मला ऋग्वेदाने उचलले. ऋग्वेदा म्हणजे आमच्या घरची मुलगी, तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात. तिने माझ्या फळ्या शाळेच्या वर्कशॉपमध्ये नेल्या, कापल्या, घासल्या, रंगवल्या. मला घेऊन टॅक्सीत बसता यावे म्हणून पाठ आणि बैठक स्क्रूने लावली, म्हणजे हवी तेव्हा काढता येईल. शेवटचा पिवळा ठिपका लावून झाल्यावर ती माझ्यापुढे जमिनीवर बसून राहिली आणि माझ्याकडे बघत हसली. तशा नजरेने माझ्याकडे नंतर कितीतरी दिवस कोणी पाहिले नाही.

कारण त्या संध्याकाळी मी घरी आले आणि श्रीधररावांनी मला पाहिले.

श्रीधरराव म्हणजे ऋग्वेदाचे बाबा. मूळचे साताऱ्याचे, पुण्यात इंजिनीअर झालेले, आता चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत आयटी मॅनेजर. माणूस प्रेमळ, पण मुलीने कॉम्प्युटर सायन्सलाच जावे हे त्यांनी ती रांगत होती तेव्हाच ठरवून टाकलेले. ऋग्वेदाला जायचे होते डिझाइनला. या विषयावर घरात इतक्या वेळा बोलणे झाले होते, की सुरेखाताई, म्हणजे ऋग्वेदाची आई, विषय निघाला की कुकर लावायला उठायच्या, भात झालेला असला तरी.

श्रीधररावांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली. मग विचारले, की पॅकिंग कधी काढणार. हेच ते, हे कळल्यावर ते म्हणाले, की याला खुर्ची म्हणत असतील तर कपडे वाळत घालायच्या स्टँडलाही पलंग म्हणायला हरकत नाही. मित्रांनो, मी पूर्वीची पलंग. मला ते फार लागले.

ऋग्वेदाही गप्प बसणारी नाही. तिने बाबांच्या हातातला फोन घेतला आणि त्यांनीच बनवलेले बँकेचे ॲप उघडून दाखवले. सगळे सरळ चौकोन, मध्ये मोकळी जागा, एक निळे बटण, एक लाल. नक्षी नाही, वेलबुट्टी नाही. या साधेपणाची मुळे शोधत मागे गेलात तर वाटेत ही खुर्ची भेटते, असे तिने सांगितले. मग खिडकीतून समोरच्या ब्लॉकच्या भिंतीवरचे रंगीत पट्टे दाखवले आणि म्हणाली, की तेही माझे दूरचे नातेवाईकच. मला समोरचा ब्लॉक आवडत नाही, पण त्या वेळी मी मान ताठ केली. माझी मान नाही, हे तुम्हाला समजलेच असेल.

श्रीधररावांनी फोन परत घेऊन खिशात टाकला. वादात हरलेला बाप पैज लावतो.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तू सोडून दुसरं कुणीतरी या खुर्चीवर आपणहून बसलं पाहिजे. कुणी सांगायचं नाही, सुचवायचं नाही. बसलं आणि एक चहा संपेपर्यंत आरामात बसून राहिलं, तर जा डिझाइनला. मी एक शब्द बोलणार नाही."

"आणि कुणीच नाही बसलं तर?"

"तर कॉम्प्युटर सायन्स. आणि माझं म्हणशील, तर मी काही जन्मात बसायचो नाही यावर."

डिझाइनच्या अर्जाला महिनाभर अवकाश होता. म्हणजे त्या महिन्यात एका मुलीचे पुढचे आयुष्य माझ्या बैठकीवर अवलंबून होते. एवढी जबाबदारी तर हॉलंडमध्ये आमच्या आजीवरही नव्हती.

पण बसायला कोणी येईना. मी दिवाणखान्यात दाराजवळ उभी. घरातली माणसे येता-जाता माझ्यावर काहीबाही ठेवत. कधी भाजीची पिशवी, कधी ओली छत्री, कधी श्रीधररावांचे बँकेचे ओळखपत्र. एकदा इस्त्रीचा ढीग ठेवला, तो बैठकीच्या उतारावरून मागे सरकून पाठीला टेकला आणि इतका आरामात बसला, की ऋग्वेदाने त्याचा फोटो काढून बाबांना पाठवला. कपडे हे कुणीतरी नव्हे, असे बाबांनी ऑफिसातून कळवले.

खरी पंचाईत झाली ती पाहुण्यांची. मराठी घरात पाहुणा आला की पहिला शब्द "या" आणि दुसरा शब्द "बसा". पण पैजेची अट अशी, की कुणी सुचवायचे नाही. सुरेखाताईंनी "बसा" म्हटले आणि पाहुणा माझ्यावर बसला, तर श्रीधरराव म्हणणार, सांगितले म्हणून बसला. म्हणून ऋग्वेदाने आईकडून वचन घेतले, की महिनाभर हा शब्द घरात उच्चारायचा नाही. शिवाय पाहुणे येणार असले की ती सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा डोंगर रचून ठेवायची.

मित्रांनो, "बसा" म्हटल्याशिवाय आपला माणूस बसत नाही, हे मला तेव्हा समजले. तो उभा राहतो. पाण्याचा पेला हातात घेऊन उभा राहतो, पोह्यांची बशी हातात घेऊन उभा राहतो, मुलांच्या शाळेपासून व्हिसाच्या नूतनीकरणापर्यंत सगळे उभ्याने बोलतो. सुरेखाताई दारात "या, या, या" म्हणायच्या आणि पुढचा शब्द गिळायच्या. एकदा तर पाहुण्यांबरोबर त्याही तासभर उभ्या राहिल्या आणि रात्री पायांना तेल लावत बसल्या. इथल्या मराठी मंडळात बातमी पसरली, की सुरेखाला हल्ली गर्व झाला आहे, घरी गेलेल्याला बस म्हणत नाही.

पाहुणे मला बघत, हे मात्र खरे. कोणी म्हणे छान आहे, कोणी म्हणे कुठे मिळाली. रुचिर नावाचा श्रीधररावांचा एक मित्र आहे, तो माझ्या हातावर टिचकी मारून म्हणाला, की म्युझियम पीस दिसतोय, आपण लांबच राहिलेलं बरं. त्याच्या बायकोने, अनुयाने, त्याला हळूच मागे ओढले. संग्रहालयातल्या आजीचे दुःख मला त्या दिवशी समजले.

अर्जाची मुदत आठवड्यावर आली तेव्हा साताऱ्याहून अरुणाआजी आल्या. श्रीधररावांच्या आई. वय झालेले, पण मिक्सरचे भांडे दुरुस्त करण्यापासून शेजारणीची दृष्ट काढण्यापर्यंत सगळे स्वतः करणाऱ्या. ऋग्वेदाने त्यांना माझी सगळी कुळकथा ऐकवली. उभ्या रेघा, आडव्या रेघा, तीन रंग. आजींनी लक्ष देऊन ऐकले.

"म्हणजे ठिपके काढायचे, जोडायचे, पण वाकडी रेघ ओढायची नाही," त्या म्हणाल्या. "बरंय की. आमच्याकडे रोज दारात काढतात, त्यात काय एवढं."

ऋग्वेदाला हे इतके आवडले, की तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. मला वाटले, आता या तरी बसतील. पण आजींनी माझी बैठक हाताने चाचपली आणि म्हणाल्या, की यावर बसले तर उठवायला माणूस बोलवावा लागेल, त्यापेक्षा मी आपली खाली बरी. आणि त्या दिवसापासून त्यांचे लुगडे माझ्या दोन्ही हातांवर वाळू लागले. मला रडू येत होते. रंग जाईल म्हणून मी रडले नाही.

शेवटचा शनिवार आला. सोमवारी अर्जाची मुदत संपत होती. आजींनी ठरवले होते, की आपण परत जाण्याआधी घरात सत्यनारायण व्हायला हवा. पूजा सांगायला अभय येणार होता. अभय एरवी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो, आणि शनिवार-रविवारी सोवळे नेसून पूजा सांगतो. दोन्ही कामे तो सारख्याच काटेकोरपणे करतो. सगळी मंडळी येणार, म्हणजे पैजेची ही शेवटची संधी. ऋग्वेदाने सकाळी मला ओल्या फडक्याने पुसले. तिचे डोळे सुजलेले होते. "प्लीज," ती माझ्या कानाशी सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "कॅरी मी टुडे, लाह." मला कान नाहीत, पण ऐकू आले.

मग ती फुले आणायला सुरेखाताईंबरोबर लिटिल इंडियाला गेली. श्रीधरराव आंघोळीला गेले. घरात मी आणि आजी.

आजींनी चौरंग मांडला, चार कोपऱ्यांना केळीचे खुंट बांधले, आणि त्यांच्या लक्षात आले, की घरात पाट एकच आहे. यजमान आणि यजमानीण दोघांना दोन पाट हवेत. त्यांनी स्वयंपाकघर पाहिले, कपाटाच्या मागे पाहिले, पलंगाखाली पाहिले. मग त्या दिवाणखान्याच्या मध्यभागी उभ्या राहिल्या आणि त्यांची नजर माझ्यावर आली. माझ्यावर म्हणजे माझ्या निळ्या फळीवर. लांबी, रुंदी, गुळगुळीत लाकूड.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हा तर पाट आहे."

मित्रांनो, पुढचे मी डोळे मिटून सहन केले. त्यांनी श्रीधररावांच्या हत्यारांच्या खोक्यातून स्क्रू ड्रायव्हर आणला आणि माझी बैठक सोडवली. ती चौरंगापुढे मांडली, भोवती रांगोळी काढली, वर हळदीकुंकवाची बोटे ओढली. मग मागे वळून माझ्याकडे पाहिले. मधोमध भगदाड पडलेली खुर्ची पूजेच्या दिवशी बरी दिसत नाही, म्हणून त्यांनी माझ्यावर एक स्वच्छ पांढरी चादर घातली आणि नीट चापूनचोपून बसवली. ऋग्वेदा परत आली तेव्हा श्रीधरराव आंघोळ आटोपून चौरंगापुढे बसलेही होते आणि फळी त्यांच्या सोवळ्याखाली झाकून गेली होती, त्यामुळे तिला वाटले, आजीने मला पूजेसाठी सजवले आहे. ती आजीच्या गळ्यात पडली. मी ओरडून सांगणार होते, पण चादरीखालून खुर्चीचे कोण ऐकतो?

पूजा सुरू झाली. सुरेखाताई घरच्या पाटावर, श्रीधरराव माझ्या बैठकीवर, बाकी सगळे सतरंजीवर. श्रीधररावांची पूजेत नेहमीची एक तक्रार असते, पाय आखडतात. दर अध्यायाला ते मांडी बदलतात आणि आजी डोळे वटारतात. त्या दिवशी मात्र ते मांडी घालून बसले ते बसलेच. दुसऱ्या अध्यायानंतर त्यांनी मागे वळून हळूच विचारले, "आई, पाट छान आहे गं. कुठून आणलास?"

"घरातलाच आहे," आजी म्हणाल्या. "पुढे बघ."

अभय गोष्ट वाचत होता. एका व्यापाऱ्याने शब्द दिला, मग पुढे पुढे ढकलला, मग विसरला, आणि त्याची मालाने भरलेली होडी पाहता पाहता रिकामी झाली. श्रीधरराव मन लावून ऐकत होते आणि मान डोलावत होते.

चौथा अध्याय चालू असताना दार उघडून रुचिर आला. ऑफिसात शनिवारचे काम निघाले होते, म्हणून उशीर. हातात पेढ्यांचा डबा, आणि एका गुडघ्याला भला मोठा पट्टा. आदल्या आठवड्यात पुलाउ उबीन बेटावर सायकलवरून पडला होता. सतरंजीवर बसणे शक्य नाही. सोफ्यावर कपड्यांचा डोंगर. यजमानीण पूजेत, बसा म्हणायला कोणी नाही. त्याने सगळीकडे पाहिले आणि शेवटी माझ्याकडे पाहिले.

ऋग्वेदाने श्वास रोखला. मीही रोखला असता.

रुचिर लंगडत माझ्याकडे आला. कोणी सांगितले नाही, कोणी सुचवले नाही. माझ्या आयुष्यातला पहिला माणूस आपणहून माझ्यावर बसायला आला, आणि मित्रांनो, माझ्याजवळ बैठक नव्हती. त्याने चादरीसकट अंग टाकले आणि तो थेट माझ्या पोटात उतरला. गुडघे हनुवटीला, पाय हवेत, आणि पेढ्यांचा डबा मात्र दोन्ही हातांनी उंच धरलेला. एकही पेढा पडला नाही. या गोष्टीबद्दल मला त्या माणसाविषयी आजही आदर आहे.

एकच गोंधळ उडाला. अनुया धावली, सगळे उठले. श्रीधरराव उठू लागले तेव्हा अभयने पोथीवरून मान न उचलता हात केला. "यजमान, आसन सोडायचं नाही. अजून एक अध्याय आहे."

रुचिरला दोघांनी खांद्याला धरून उपसून काढले. चादर घसरली आणि माझे भगदाड सगळ्यांना दिसले. ऋग्वेदाचा चेहरा पांढराफटक पडला.

"आजी, माझी सीट कुठंय?"

"कुठं म्हणजे?" आजी शांतपणे म्हणाल्या. "श्रीधरच्या खाली."

सगळ्यांनी श्रीधररावांकडे पाहिले. श्रीधररावांनी आपल्या मांडीकडे पाहिले. सोवळ्याच्या काठाखालून निळा रंग दिसत होता.

"बाबा," ऋग्वेदा म्हणाली, "यू आर सिटिंग ऑन इट, लाह."

अभयने पाचवा अध्याय सुरू केला. असा अध्याय मी कधी ऐकला नाही. उठता येत नाही आणि बसवत नाही, अशा स्थितीत श्रीधररावांनी तो संपवला. आरती झाली, प्रसाद झाला, आणि शेवटी ते फळीवरून उठले व म्हणाले, की हे धरता येणार नाही. ही फळी आहे, खुर्ची नव्हे. खुर्चीवर बसणे वेगळे.

अभय सोवळ्यातच होता, पण आता त्याच्यातला तपासनीस जागा झाला. अट नेमकी काय होती, असे त्याने विचारले. आपणहून बसले का? बसले. कोणी सुचवले का? नाही. चहा संपेपर्यंत बसले का? चार अध्याय तर तक्रार न करता बसले. आरामात बसले का? तर यजमानांनी स्वतः पाटाची स्तुती केली, सगळ्यांनी ऐकली. राहता राहिली खुर्ची. तिचा बसायचा भाग हाच ना?

"आई, तू हे मुद्दाम केलंस," श्रीधरराव म्हणाले.

"मुद्दाम कशाला करू? दुसरा पाट नव्हता घरात. तुला काय जमिनीवर बसवू पूजेला?" आजींनी प्रसादाची वाटी त्यांच्या हातात दिली. "आणि आत्ता त्या व्यापाऱ्याची गोष्ट ऐकलीस ना? देवापुढे मान डोलावत होतास. आता तूच ठरव, दिलेल्या शब्दाचं काय करायचं ते."

श्रीधरराव शिऱ्याची वाटी घेऊन उभे राहिले. त्यांनी वाकून फळी उचलली, उलटी केली. खालच्या बाजूला, जिथे कोणी बघणार नाही, तिथेही ऋग्वेदाने लाकूड तितकेच गुळगुळीत घासले होते. त्यावर ते बराच वेळ हात फिरवत राहिले. मला त्या हाताने भरून आले. फळी माझीच होती.

"अर्जाची तारीख कधी आहे?" त्यांनी विचारले.

"मंडे."

"मग उद्या सकाळी बसू आपण दोघं. मी पण वाचतो काय लिहिलंयस."

ऋग्वेदाने बाबांच्या छातीवर डोके टेकले आणि त्यांच्या सोवळ्याला शिरा लागला. सुरेखाताईंनी ते पाहिले, पण त्या वेगळ्याच कामात होत्या. सोफ्यावरचा कपड्यांचा डोंगर दोन्ही हातांनी कवटाळून त्या आत फेकून आल्या आणि दिवाणखान्याच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, "बसा. बसा हो सगळे. बसा, बसा, बसा." महिनाभराचे सगळे "बसा" त्यांनी एका दमात संपवले.

आता माझी बैठक पुन्हा माझ्या जागी आहे. हळदीचे एक बोट तिच्यावरून निघाले नाही, आणि ऋग्वेदाने ते निघू दिले नाही. आमच्या हॉलंडच्या मंडळींनाही कला भिंतीवरून उतरून घरात, रोजच्या जगण्यात यायला हवी होती. ती साताऱ्याच्या बाईच्या हातून पाटावर उतरेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. पिवळा मात्र त्यांचाच रंग आहे. ऋग्वेदा आता डिझाइन शिकते. श्रीधरराव रविवारी दुपारी कोणी बघत नाही असे पाहून माझ्यावर बसतात, पाच मिनिटांत त्यांचा डोळा लागतो, आणि उठताना सुरेखाताईंना हाक मारावी लागते. रुचिर मात्र अजून हाताने चाचपून मगच बसतो. त्याचे बरोबर आहे.

मित्रांनो, मला काचेआड ठेवू नका, माझ्यावर चादर घालू नका, ओली छत्री तर मुळीच ठेवू नका. माझा रंग उडाला तर उडू दे, ओरखडे पडले तर पडू देत. वस्तू झाकून जपली जात नाही, ती वापरून जपली जाते. आणि एवढे लक्षात राहणार नसेल, तर एकच करा. घरी कोणी आले, की पाणी नंतर विचारा, शाळा-नोकरी नंतर विचारा. आधी त्याला "बसा" म्हणा. कोपऱ्यात कोणीतरी तेवढ्या एका शब्दाची वाट बघत उभे असते.